बारा ते चारचा वॉच

आमगाव स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. मुंबई इथून सुमारे हजार किलोमीटर. या तालुक्यात बोलणं निघतं ते धानाचं, राइस मिलचं, बाघ प्रकल्पाच्या कालव्याला पाणी कधी सुटणार याचं. समुद्राचा विषय सहसा निघत नाही. तरीही आज तुम्हाला समुद्रावर जायचं आहे, आणि तेही जहाजाच्या अशा भागात, जिथून समुद्र दिसतच नाही.

जवळचं पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचं जन्मगाव मानलं जातं. म्हणजे इथून मागे जायचं ठरवलं तर सुमारे तेराशे वर्षं मागे जाता येईल. आपल्याला एवढ्या लांब जायचं नाही. 1912 पुरे.

डोक्यावरच्या विजेच्या तारा नाहीशा होतात. फलाट आखडतो. गोंदिया जिल्हा अजून नकाशावर नाही, तो व्हायला 1999 उजाडायचं आहे. सध्या हे गाव मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात आहे आणि समोर येऊन थांबलेली गाडी बंगाल नागपूर रेल्वेची आहे. इंजिनावरचा फायरमन फावड्याने भट्टीत कोळसा टाकतोय. त्याच्याकडे नीट पाहून घ्या. जगातली जवळजवळ सगळी मोठी जहाजं या घडीला अशाच फावड्यावर चालतात. फरक इतकाच, की इथल्या माणसाला वारा लागतो. तिथल्याला लागत नाही.

नागपूरला गाडी बदला, मुंबईला उतरा, गोदीत लागलेल्या पहिल्या आगबोटीवर चढा. पण डेकवर रेंगाळू नका. लोखंडी शिडी धरून खाली उतरा, आणखी खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली. इथे बॉयलर आहेत. भट्टीचं दार उघडतं आणि अंगावर येणारी धग तुम्हाला दोन पावलं मागे ढकलते. इथल्या माणसांना कामावरूनच नावं पडली आहेत. भट्टी पेटती ठेवणारा आगवाला, बंकरमधून कोळसा ओढून आणणारा कोयलावाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला, त्यांच्या वर टिंडेल आणि सगळ्यांच्या वर सारंग. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास काम. आगवाला फावडं मारतो, लांब सळईने निखारे खालीवर करतो, राख ओढतो. तोवर दुसरी भट्टी मंदावलेली असते. याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ इंग्लंडहून निघेल तेव्हा तिच्या पोटात 29 बॉयलर आणि 159 भट्ट्या असतील, आणि त्यांना दिवसाला सुमारे 600 टन कोळसा लागेल. तो सगळा हाताने भरायचा.

आता तिथून निघा, कारण त्याच 1912च्या फेब्रुवारीत कोपनहेगनमध्ये एक वेगळंच जहाज तयार उभं आहे.

त्याचं नाव ‘सेलंडिया’. बांधणारी कंपनी बर्मायस्टर अँड वेन. जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत, पण धुराडं नाही. बघायला आलेल्यांना ते चमत्कारिक वाटतं. धुराडं नाही, तर याचं इंजिन तरी कुठे? तुम्ही खाली उतरा. इथे भट्टी नाही, कोळसा नाही, राख नाही. आठ आठ सिलिंडरची दोन इंजिनं शेजारी शेजारी उभी आहेत, प्रत्येकाची ताकद 1,250 अश्वशक्ती. तेल जहाजाच्या दुहेरी तळातल्या टाक्यांत साठवलेलं आहे आणि ते नळीने आपोआप येतं.

रुडॉल्फ डिझेलची कल्पना सोपी आणि धाडसी होती. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की दाबानेच ती पाचशे अंशांच्या वर तापेल. अशा हवेत तेलाचा फवारा मारला की तो आपसूक पेट घेतो. ठिणगी नको, बॉयलर नको, वाफ नको. 1897 साली आउग्सबुर्गला या इंजिनाने पहिली मोठी परीक्षा पार केली, आणि पंधरा वर्षांत ते महासागर ओलांडायला निघालं. 22 फेब्रुवारी 1912 रोजी ‘सेलंडिया’ने बँकॉकच्या वाटेवर कोपनहेगन सोडलं. लंडनला ते थांबलं तेव्हा ब्रिटिश आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल ते पाहायला आले. डिझेलला मात्र आपल्या इंजिनाचं पुढचं राज्य पाहता आलं नाही. 29 सप्टेंबर 1913च्या रात्री इंग्लंडला जाताना तो ‘ड्रेस्डेन’ जहाजावरून नाहीसा झाला. ते जहाज वाफेवर चालणारं होतं.

‘सेलंडिया’च्या इंजिन रूममध्ये जरा वेळ थांबा आणि माणसं मोजा. आगवाला नाही. कोयलावाला नाही. घामाने निथळणारी सगळ्यात मोठी फौज एका फटक्यात गेली आहे. पण उरलेल्या माणसांचं काम हलकं झालेलं नाही, त्याची जात बदलली आहे. भट्टीला ताकद लागायची. या यंत्राला लक्ष लागतं. ते लक्ष म्हणजे काय, हे कळायला मुंबईला परत यावं लागेल, साठेक वर्षं पुढे.

साल 1975, जून महिना. मुंबई बंदरात ‘द्वारका’ निघण्याच्या तयारीत आहे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीसाठी इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या काठी बांधलेलं हे डिझेल जहाज 1947पासून मुंबई आणि इराणी आखात यांच्यामध्ये ये-जा करतंय. धक्क्यावर ट्रंका, वळकट्या, पत्र्याच्या पेट्या. मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत. तेलाच्या पैशाने तिथे शहरं उभी राहतायत, आणि ती उभी करणारे गवंडी, सुतार, वायरमन, स्वयंपाकी डेकचं तिकीट काढून चाललेत. त्यांची गर्दी ओलांडून तुम्ही एक जाड लोखंडी दार ढकलता.

आधी लागतो तो वास. तापलेलं तेल, ओलं लोखंड, रंग आणि घाम. मग उष्णता. मग आवाज, कारण जनरेटर आधीच चालू आहेत. तुम्ही जाळीच्या पायऱ्यांवर उभे आहात आणि जाळीतून खाली, तीन मजले खोल दिसतंय. मधोमध मुख्य इंजिन आहे, डॉक्सफर्ड पद्धतीचं. आत्ता ते गप्प आहे.

रत्नागिरीकडचा एक वयस्कर तेलवाला तुम्हाला खाली बोलावतो. खांद्यावर सुती चिंध्या, हातात तेलाचं भांडं. तुम्ही त्याला चाचा म्हणता. नाव, गाव विचारून झाल्यावर तो म्हणतो, “आमगाव? तिथं समुद्र नाय. बरं हाय. इथंबी नाय.” आणि कामाला लागतो.

सुरू करण्याची तयारी नीट बघा, कारण इथे एकही पायरी गाळता येत नाही. यंत्र हळूहळू फिरवून सैल करणारा टर्निंग गिअर आधी सोडवायचा. तो अडकलेला राहिला आणि इंजिनाला हवा दिली, तर दाते तुटून उडतील. वंगणाच्या तेलाचा पंप सुरू. पिस्टन थंड ठेवणारं पाणी सुरू. सिलिंडरचे छोटे कॉक उघडे ठेवून इंजिनाला हवेचा एक झटका द्यायचा. आत कुठे पाणी साचलं असेल तर ते फुत्कारत बाहेर येतं. कोरडी हवा आली की कॉक बंद. मग इंधनाचा दाब तबकडीवर नजर ठेवून चढवायचा.

घंटा वाजते. ब्रिजवरून हुकूम आणणाऱ्या पितळी टेलिग्राफची सुई ‘स्टँड बाय’वर येते. तीन साब, म्हणजे थर्ड इंजिनियर, हँडलपाशी उभा. ब्रिजवरचा कॅप्टन बंदर पाहतोय, पायलट प्रवाह पाहतोय. इथे खाली फक्त ती सुई दिसते. ती ‘स्लो अहेड’वर सरकते. तीन साब आपल्याकडची सुई तिथे नेऊन उत्तर देतो, हँडल ओढतो. दाबलेली हवा मोठ्या सुस्काऱ्यासारखी सिलिंडरमध्ये शिरते, टनावारी लोखंड जागचं हलतं, एक फेरा, दीड फेरा, आणि हवा तोडून इंधन दिलं जातं. पहिला ठोका पायांतून कळतो. मग दुसरा. जहाज निघालं.

आता वरच्या प्लॅटफॉर्मवर या. हे इंजिन इतरांसारखं नाही. याच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन आहेत, एक खालून येणारा, एक वरून. टाळी वाजवायला दोन तळवे जवळ यावेत तसे ते एकमेकांकडे येतात. मधल्या फटीत हवा दाबली जाते, तेल उडतं, स्फोट होतो आणि दोघे लांब फेकले जातात. म्हणून याला वरचं झाकण नाही, व्हॉल्व्हची गर्दी नाही. खालचा पिस्टन ताज्या हवेची भोकं उघडतो, वरचा जळक्या वायूची. वरच्या पिस्टनचं बळ दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांमार्फत खाली क्रँकशाफ्टला पोहोचतं. त्यामुळे एरवी कोणत्याही इंजिनात झाकलेली असते ती हालचाल इथे उघड्या डोळ्यांनी दिसते. जाडजूड आडवे दांडे एकामागून एक वर येतात, खाली जातात, त्यांच्याबरोबर थंड पाण्याच्या सांध्यांच्या नळ्या झुलतात. मिनिटाला शंभरेक वेळा. पाचही सिलिंडरचा क्रम तुमच्या कानात बसायला वेळ लागत नाही. चाचाच्या कानात तो इतका मुरला आहे, की एखादा ठोका जड पडला तर झोपेतून उठून येईल.

रात्री बारा वाजता वॉच, म्हणजे कामाची पाळी, बदलतो. बारा ते चार. वर डेकवर माणसं चादरी ओढून झोपली आहेत. खाली चाचा तुम्हाला मागच्या बाजूला नेतो, एका जाड दारातून वाकून आत. हा शाफ्ट टनेल. बुटक्या छताचा अरुंद बोगदा, लांबच लांब, आणि त्याच्या एका बाजूने इंजिनापासून जहाज ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत जाणारा पोलादी दांडा फिरतोय. इथे इंजिनाचा आवाज मागे पडतो. ठरावीक अंतरावर बेअरिंगं आहेत. चाचा पहिल्यावर तळहात ठेवतो, मग तुमचा हात धरून तिथे ठेवायला लावतो.

“पाच मोजेस्तोवर हात राहिला पायजे. नाय राहिला, तर आधी वर जाऊन सांगायचं. विचार मागनं करायचा.”

लोखंड कोमट आहे. दुसरं बेअरिंग, तिसरं, चौथं. बोगद्याच्या टोकाला, जिथे दांडा जहाजाबाहेर पडतो, तिथून समुद्राचं पाणी थेंबथेंब आत गळतंय. तुम्ही दचकता. चाचा मान हलवतो. एवढं पाणी यायलाच हवं, त्यानेच तो सांधा थंड राहतो. पण किती थेंब, हे त्याला माहीत असतं. काल होते तेवढेच आजही आहेत का, हे तो बघतो.

परत येताना तो खाली सांडलेलं तेलाचं बोटभर वर्तुळ चिंधीने पुसून घेतो. ‘दारा’ हे ‘द्वारका’च्याच जातीचं, याच मार्गावरचं जहाज होतं. 8 एप्रिल 1961 रोजी दुबईजवळ स्फोटानंतर ते पेटलं आणि 238 माणसं गेली. तो स्फोट इंजिनाच्या चुकीमुळे झाला नव्हता. चौकशीत संशय मुद्दाम ठेवलेल्या स्फोटकावर गेला. पण समुद्रावर आग म्हणजे काय, हे या मार्गावरच्या प्रत्येक खलाशाला कायमचं कळून चुकलं. जमिनीवर आगीपासून पळता येतं. इथे पळायला जागा नाही. तेलाचा थेंब पुसणं हे इथे सफाईचं काम मानत नाहीत, बंदोबस्ताचं मानतात.

अडीचच्या सुमारास पायाखालची जाळी तिरपी होते. मान्सून. वाऱ्याचा आवाज इथवर येत नाही, लाट दिसत नाही. वादळ कळतं ते इंजिनावरून. जहाजाची मागची बाजू लाटेवर उचलली जाते, पंखा पाण्याच्या वर येतो आणि अचानक त्याच्यावरचा भार नाहीसा होतो. इंजिन उधळतं. ठोके जवळ जवळ येतात, रेलिंग थरथरतं. वेग आवरणारा गव्हर्नर इंधन तोडतो, तरी तीन साबचा हात हँडलवर आहेच. मागची बाजू पुन्हा पाण्यात आपटते आणि यंत्र कण्हत संथ होतं. पुन्हा लाट, पुन्हा तेच. डोळे घड्याळांच्या तबकड्यांवर, कान ठोक्यावर, हात पितळेवर. तुम्ही हवेच्या नळीखाली उभे आहात, घामाने कपडे अंगाला चिकटलेत, पोटात ढवळतंय. वर हजाराच्या आसपास माणसं झोपेत कूस बदलतायत. त्यांच्यातल्या कुणालाही चाचाचं नाव ठाऊक नाही.

हाच मान्सून थोड्या दिवसांत आमगावला पोहोचेल. पऱ्हे टाकून बसलेला शेतकरी आभाळाकडे बघत त्याची वाट पाहतोय, आणि इथे तीच हवा यंत्राशी झुंजतेय. एका देशातल्या दोन टोकांच्या कष्टांना जोडणारी ही गोष्ट आपण फारशी मोजत नाही.

चार वाजता तीन साब लॉगबुकात आकडे लिहितो: फेरे, दाब, प्रत्येक सिलिंडरच्या धुराचं तापमान, समुद्राच्या पाण्याचं तापमान. पुढच्या वॉचचे लोक खाली येतात. आल्या आल्या कुणी बोलत नाही. आधी एक फेरी मारतात, हात लावून बघतात, ऐकतात. मग मान डोलावतात. जबाबदारी बदलली.

‘द्वारका’ 1982पर्यंत चालली. विमानाचं तिकीट आवाक्यात आलं आणि डेक पॅसेंजरची जहाजं संपली. तुम्ही मात्र पुढे या, आजच्या काळात. ‘एमा मर्स्क’ या 2006 सालच्या कंटेनर जहाजाच्या इंजिन रूममध्ये उतरा. इथलं इंजिन 14 सिलिंडरचं. उंची साडेतेरा मीटर, वजन 2,300 टन, ताकद सुमारे 1,09,000 अश्वशक्ती. म्हणजे ‘सेलंडिया’च्या दोन्ही इंजिनांच्या चाळीसपटींहून जास्त. एकेका पिस्टनचा व्यास 96 सेंटिमीटर, धाव अडीच मीटर. आणि एवढं अवाढव्य यंत्र फिरतं मिनिटाला फक्त 102 वेळा, कारण पंखा जितका मोठा आणि संथ, तितकं इंधन सार्थकी लागतं. गिअरबॉक्स नाही, इंजिनाचा दांडा तोच पंख्याचा दांडा.

आज वातानुकूलित कंट्रोल रूममध्ये बसून पडद्यावर सगळं दिसतं. अनेक जहाजांवर रात्री इंजिन रूममध्ये कुणीच नसतं. काही बिघडलं की ड्यूटीवरच्या इंजिनियरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. तरी झोपण्याआधी तो एक फेरी मारतोच. सेन्सर सांगतो ते त्याला जे मोजायला लावलंय तेवढंच. नळीच्या सांध्याशी आलेला ओलावा, पंपाच्या आवाजातली बारीक कुरकुर, नेहमीपेक्षा वेगळा वास हे अजूनही माणसालाच आधी कळतं.

यंत्र पुन्हा बदलतंय. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे 3 टक्के जहाजांतून येतात. 1 जानेवारी 2020पासून जहाजाच्या इंधनात अर्ध्या टक्क्याहून जास्त गंधक चालत नाही, वापरायचं तर धूर धुणारी यंत्रणा बसवावी लागते. 2023च्या सप्टेंबरमध्ये मिथेनॉलवर चालू शकणाऱ्या ‘लॉरा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचा नामकरण सोहळा झाला, तोही कोपनहेगनमध्येच. कोळशाकडून तेलाकडे जाताना जगाने एकदा कूस बदलली होती, आता दुसऱ्यांदा बदलतेय. कोळशाबरोबर आगवाले गेले. पण लक्ष ठेवणाऱ्या माणसाची गरज तेव्हा वाढली, आणि यावेळीही वाढणार आहे, कारण नवी इंधनं जास्त विषारी आणि हाताळायला जास्त नाजूक आहेत.

हा प्रवास तुम्हाला घडवण्यामागे माझा एक सरळ हेतू आहे. जगाचा बहुतांश व्यापार समुद्रावरून होतो. गोंदियाच्या यार्डात उतरणारी युरियाची गोणी, किराणा दुकानातलं पाम तेल, हातातला मोबाइल, यांतलं बरंच काही कुठल्यातरी इंजिन रूमच्या जिवावर इथवर आलेलं असतं. तरीही या कामाकडे आपण किनाऱ्यावरच्यांचं काम म्हणून बघतो. ते तसं नाही. इंजिन रूमला खिडकी नाही. तिथे समुद्र ओळखीचा असणं कामी येत नाही. पाचपर्यंत मोजत तापलेल्या लोखंडावर हात ठेवण्याची, आणि कालच्या थेंबांशी आजचे थेंब ताडून बघण्याची सवय कामी येते. ती सवय धानाच्या बांधीत पाण्याची पातळी रोज बघणाऱ्या घरांत असते, राइस मिलच्या पट्ट्यांचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलांत असते.

वाट लांबची आहे, पण ठाऊक नसलेली नाही. विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा आणि चार वर्षांची मरीन इंजिनियरिंगची पदवी. किंवा मेकॅनिकलची पदवी घेऊन पुढे एक वर्षाचं प्रशिक्षण. मुलींसाठी ही वाट बंद नाही. सोनाली बॅनर्जी 2001 साली देशातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनियर झाल्या. एक सावधगिरी मात्र हवीच. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट गावोगाव फिरतात. संस्था आणि भरती कंपनी, दोन्ही डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगच्या यादीत आहेत का, हे स्वतः तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आमगावच्या ज्या मुलाला किंवा मुलीला मशीनपाशी तासन् तास उभं राहायला आवडतं, त्यांना घरच्यांनी या कामाबद्दल एकदा तरी सांगावं. समुद्र बघितला नाही म्हणून मागे राहू नका. तिथे खाली वॉचला उभ्या असलेल्या कुणालाही तो दिसत नाही, आणि जहाज तरीही त्यांच्याच भरवशावर बंदर गाठतं.